पैसा मुलामागे, शाळा परीक्षेमागे

1988 साली ब्रिटनमध्ये शिक्षणसुधारणेचा कायदा झाला. मार्गारेट थॅचर पंतप्रधान होत्या, केनेथ बेकर शिक्षणमंत्री. हा कायदा दोन अगदी वेगळ्या माणसांनी मिळून लिहिला असावा असं वाटतं. एक जण म्हणतो: पालकांना शाळा निवडू द्या, जितकी मुलं तितका पैसा द्या, हिशेब शाळेकडेच सोपवा, स्थानिक प्रशासनाची पकड सैल करा. दुसरा म्हणतो: सगळीकडे एकच राष्ट्रीय अभ्यासक्रम, ठरावीक वयाला ठरावीक परीक्षा, आणि शाळेतली रोजची सामूहिक प्रार्थना मुख्यतः ख्रिस्ती वळणाची. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका कायद्यातल्या कलम 28 नं स्थानिक संस्थांना समलैंगिकतेला ‘उत्तेजन’ द्यायला मनाई केली.

पहिल्याला सरकार शाळेतून बाहेर काढायचंय, दुसऱ्याला ते प्रत्येक वर्गात आणून बसवायचंय. मग हे दोघे एका कागदावर कसे येतात?

पहिल्या माणसाच्या विचाराला नवउदारमतवाद म्हणतात. नावातला ‘उदार’ फसवा आहे, कारण उदारपणा इथे बाजाराच्या वाट्याला येतो. शिक्षण ही सेवा, पालक ग्राहक, शाळा दुकान, आणि स्पर्धेनं दर्जा आपोआप सुधारेल, ही त्याची मांडणी. मिल्टन फ्रीडमन या अर्थतज्ज्ञानं 1955 मध्येच सुचवलं होतं की सरकारनं शिक्षणाला पैसा द्यावा, पण शाळा स्वतः चालवायची गरज नाही. पालकांच्या हातात व्हाउचर, म्हणजे फीपुरती सरकारी पैशाची चिठ्ठी, द्यावं आणि त्यांनी हवी ती शाळा निवडावी. दुसऱ्या माणसाचा विचार म्हणजे नवपरंपरावाद. राष्ट्र, धर्म, कुटुंब, शिस्त यांची घडी विस्कटली आहे, ती शाळेनं पुन्हा बसवावी, आणि त्यासाठी काय शिकवायचं (खरं तर काय शिकवायचं नाही) हे वरून ठरावं, असा त्याचा आग्रह.

मायकेल ॲपल या अमेरिकी अभ्यासकानं या युतीत आणखी दोघांना धरलं आहे. एक, धार्मिक श्रद्धेतून राजकारण करणारे लोकानुनयी गट. दुसरा मला जास्त रंजक वाटतो: मध्यमवर्गातले व्यवस्थापक आणि मोजमापाचे तज्ज्ञ. यांना बाजाराचं प्रेम नसतं की परंपरेचंही. तपासण्या, निर्देशांक, क्रमवारी यांवर त्यांची नोकरी आणि प्रतिष्ठा चालते, म्हणून ज्या धोरणात मोजायला जास्त, त्या धोरणाला ते बळ देतात.

या सगळ्यांचे रस्ते शिक्षकाच्या टेबलाशी येऊन मिळतात. या मुलांना आज काय शिकवावं, किती वेळ द्यावा, कशावर बोलावं, हे तिथे बसलेल्या माणसानं ठरवू नये, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत असतं. बाजारवाल्याला शिक्षकाच्या निर्णयाऐवजी गुणांचा आकडा हवा असतो आणि परंपरावाल्याला मंजूर धडा. फ्लोरिडा राज्यानं 2022 मध्ये वर्गात लैंगिकतेबद्दल काय बोलू नये याचा कायदा केला आणि 2023 मध्ये व्हाउचरची योजना उत्पन्नाची अट काढून सर्वांना खुली केली. दोन्ही कायदे ‘पालकांचा हक्क’ या एकाच घोषणेखाली झाले.

पटाचं गणित

व्हाउचर, चार्टर शाळा (सरकारी पैशावर, पण स्वतंत्र संस्थेनं चालवलेली शाळा), प्रतिविद्यार्थी अनुदान ही नावं वेगळी असली तरी आतलं यंत्र एकच: पैसा मुलामागे जातो. ऐकायला यात अन्याय काहीच नाही. मूल गेलं, त्याचा पैसा गेला, त्याचा खर्चही गेला. गडबड शेवटच्या तुकड्यात आहे.

समजा एका शाळेत 300 मुलं आहेत, 10 वर्ग, प्रत्येकात 30. शेजारी नवी शाळा निघाली आणि 30 मुलं तिकडे गेली. ही 30 मुलं एका वर्गातून जात नाहीत. प्रत्येक वर्गातून तीन-तीन जातात. आता 10 वर्गांत 27-27 मुलं उरली. शाळेचं उत्पन्न थेट 10 टक्क्यांनी घटलं. पण शिक्षक दहाच लागणार, छत तेवढंच, वीज तेवढीच, शिपाई आणि मुख्याध्यापकही तेच. 27 मुलांच्या वर्गाला शिक्षकाचा नऊ दशांश भाग पुरवता येत नाही. म्हणून शाळा कात्री तिथे लावते जिथे ती चालते: ग्रंथपाल, संगीत, समुपदेशक, प्रयोगशाळेचं सामान. पुढच्या वर्षी पालकांना वाचनालयाला कुलूप दिसतं, आणखी 20 मुलं जातात. तीन-चार वर्षांनी प्रशासन म्हणतं की पट घसरला आहे, शाळा परवडत नाही, बंद करू.

कोण जातं हाही मुद्दा आहे. नवी शाळा शोधायला, अर्ज भरायला, मुलाला लांब सोडायला ज्यांच्याकडे वेळ आणि वाहन आहे ते आधी जातात. जुन्या शाळेत ज्यांना जास्त आधार लागतो अशी मुलं उरतात, म्हणजे सरासरी खर्च वाढतो आणि सरासरी गुण उतरतात. मग ती शाळा ‘नापास’ ठरते.

हे यंत्र राष्ट्रीय पातळीवर चालवलं ते चिलीनं. पिनोचेटच्या लष्करी राजवटीत, 1980च्या दशकाच्या सुरुवातीला शाळा केंद्रीय मंत्रालयाकडून नगरपालिकांकडे गेल्या, शिक्षकांचा सरकारी नोकराचा दर्जा गेला आणि अनुदान महिन्याच्या सरासरी हजेरीवर ठरू लागलं. पटावर नाव असून भागत नव्हतं, मूल वर्गात हजर लागायचं. साथीचा ताप आला की शाळेचं उत्पन्न उतरायचं. तेच अनुदान खासगी संस्थाचालकांनाही मिळू लागलं. 1981 मध्ये सुमारे 78 टक्के मुलं सार्वजनिक शाळांत होती. 2010 नंतर हे प्रमाण 40 टक्क्यांच्या खाली गेलं. 1993 पासून अनुदानित खासगी शाळांना पालकांकडून वरची फी घेण्याची वाट अधिक मोकळी झाली आणि शाळा पालकांच्या पाकिटाच्या जाडीप्रमाणे वेगळ्या होत गेल्या.

स्वीडनचं उदाहरण दुसऱ्या कारणासाठी लक्षात ठेवण्यासारखं आहे. तिथे 1992 पासून व्हाउचर आहे आणि नफा कमवायलाही परवानगी आहे. 2013 मध्ये जेबी एज्युकेशन ही गुंतवणूक-निधीच्या मालकीची शाळाकंपनी बुडाली आणि सुमारे 10,000 विद्यार्थी अधांतरी लटकले. दुकान बंद पडलं तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातं. सहावीतलं मूल भर वर्षात कुठे जाणार?

मोजपट्टीचं काय होतं

बाजाराला भावफलक लागतो. शाळांच्या बाबतीत हे काम परीक्षा करते. अमेरिकेत 2002 मध्ये लागू झालेल्या ‘एकही मूल मागे नको’ कायद्यानं तिसरी ते आठवीपर्यंत दरवर्षी वाचन आणि गणिताची परीक्षा सक्तीची केली, आणि 2014 पर्यंत 100 टक्के मुलं ‘प्रवीण’ व्हायला हवीत असं ठरवलं. 100 टक्के! टप्पा चुकला की शाळेवर क्रमानं कारवाई: आधी बदनामी, मग मुलांना दुसरीकडे जायची मुभा, शेवटी कर्मचारी बदलणं किंवा शाळा चार्टर चालकाकडे देणं.

असं लक्ष्य ठेवल्यावर शाळेत काय घडतं हे पायरीपायरीनं पाहा. परीक्षेत दोनच विषय, म्हणून वेळापत्रकात ते दोन फुगतात आणि इतिहास, चित्रकला, खेळ आकसतात. मग त्या दोन विषयांतही परीक्षेत न येणारा भाग गळतो. वाचन म्हणजे छोटा उतारा आणि चार पर्याय, एवढंच उरतं. पुढची पायरी सगळ्यांत वाईट. उत्तीर्णतेची रेघ 50 वर असेल तर 46 ते 49 गुणांवरची मुलं शाळेला एकदम मौल्यवान वाटू लागतात, कारण थोडा धक्का दिला की टक्केवारी वाढते. 20 गुणांवरच्या मुलावर वर्षभर कष्ट घेऊन त्याला 40 वर आणलं तरी आकड्यात शून्य फरक. ज्या मुलासाठी कायदा केला म्हणतात, तेच मूल सोडून देणं शाळेला फायद्याचं ठरतं. आणि शेवटची पायरी म्हणजे खाडाखोड. अटलांटा शहरात 2011 च्या सरकारी चौकशीत 56 पैकी 44 शाळांत गैरप्रकार सापडले आणि 178 शिक्षक-मुख्याध्यापकांची नावं आली. 2015 मध्ये 11 जण न्यायालयात दोषी ठरले.

ही काही वाईट माणसांची करणी म्हणून सोडून देता येत नाही. डोनाल्ड कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञानं 1970च्या दशकातच म्हटलं होतं की एखाद्या आकड्यावर जितके मोठे निर्णय टांगाल, तितका तो आकडा भ्रष्ट होत जाईल, आणि ज्या कामाचं तो मोजमाप करतो ते कामही बिघडेल.

इथे एक गफलत टाळायला हवी. परीक्षेला विरोध म्हणजे मोजण्यालाच विरोध, असं नाही. व्यवस्था कशी चालली आहे हे कळायला दरवर्षी प्रत्येक मुलाची परीक्षा घ्यावी लागत नाही. रक्त तपासायला सगळं काढावं लागत नाही तसंच. अमेरिकेचीच राष्ट्रीय प्रगती-पाहणी नमुन्यावर चालते, त्यात एकेका मुलाचे वा शाळेचे निकाल लावले जात नाहीत, म्हणून ती घोकायचं कारणही उरत नाही. न्यूयॉर्कमध्ये काही सार्वजनिक शाळांचा एक गट 1998 पासून बहुतेक राज्यपरीक्षांऐवजी दीर्घ निबंध, प्रयोग आणि तोंडी सादरीकरण यांवर विद्यार्थ्यांना पास करतो. त्यासाठी शिक्षकांना एकत्र बसून, निकष जुळवून उत्तरं तपासायला वेळ द्यावा लागतो. हा वेळ खर्चिक आहे, आणि खरी अडचण तिथेच येते.

न बोलण्याची सवय

परंपरेचा दबाव वेगळ्या तऱ्हेनं काम करतो. ब्रिटनचं कलम 28 स्कॉटलंडमध्ये 2000 साली आणि इंग्लंड-वेल्समध्ये 2003 साली रद्द झालं. तोवर त्याखाली कोणावर खटला चालून शिक्षा झाली नाही. तरी त्याचं काम चोख झालं, कारण ‘उत्तेजन देणं’ म्हणजे नेमकं काय हे कोणालाच माहीत नव्हतं. मुलाला वर्गात त्रास होतोय, त्याच्याशी बोलावं का? नकोच, उगीच भानगड. संदिग्ध शब्द आणि नोकरीची भीती एकत्र आली की पोलिसाची गरज लागत नाही.

ब्राझीलमध्ये 2004 पासून ‘पक्षविरहित शाळा’ नावाची मोहीम चालली. वर्गात शिक्षकाच्या कर्तव्यांचा फलक लावावा, शिक्षकानं विद्यार्थ्यांच्या कुटुंबाच्या नैतिक श्रद्धांना धक्का लावू नये, अशा तरतुदींची विधेयकं ठिकठिकाणी आली. अलागोआस राज्यानं तसा कायदा केला. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयानं तो 2017 मध्ये थांबवला आणि 2020 मध्ये रद्द ठरवला. ‘पक्षविरहित’ हा शब्द किती हुशारीनं निवडला आहे पाहा. पक्षपात कोणाला हवा असेल? पण चालू आहे ते सगळं तटस्थ आणि त्यावर प्रश्न विचारला की राजकारण, अशी त्याची व्याख्या असते.

ॲरिझोनातल्या टूसॉन शहरात 1998 पासून मेक्सिकन-अमेरिकी इतिहास आणि साहित्याचा अभ्यासक्रम होता. तो शिकलेली मुलं परीक्षांत आणि शाळा पूर्ण करण्यात पुढे असल्याचं अभ्यासांत दिसलं. 2010 मध्ये राज्यानं अशा अभ्यासक्रमांविरुद्ध कायदा केला. मग राज्यानं त्या शालेय मंडळाचा 10 टक्के निधी रोखायचा इशारा दिला आणि जानेवारी 2012 मध्ये मंडळानं अभ्यासक्रम बंद केला. विचारावरची बंदी पैशाच्या नळातून आली. 2017 मध्ये संघराज्य न्यायाधीशांनी त्यामागे वांशिक आकस होता असा निकाल दिला, तोवर विद्यार्थ्यांची पिढी पुढे निघून गेली होती. वर्गांतून काढून खोक्यांत भरलेल्या पुस्तकांत शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांचंही एक पुस्तक होतं.

चिकित्सक शिक्षण वर्गात कसं दिसतं

फ्रेरे ब्राझीलचे. अक्षरांबरोबरच आपल्या परिस्थितीवर प्रश्न विचारायला शिकवणं, याला चिकित्सक शिक्षण म्हणतात, आणि त्याची वाट त्यांच्या कामातून जाते. 1963 साली आंजिकोस या गावात त्यांच्या गटानं 300 श्रमिकांना सुमारे 40 तासांत लिहायवाचायला शिकवलं. 1964 मध्ये लष्करानं सत्ता घेतली आणि फ्रेरे आधी तुरुंगात, मग परदेशात गेले.

त्यांची पद्धत चमत्कार नव्हे, कारागिरी आहे. आधी वस्तीत राहून लोक कोणते शब्द वापरतात ते गोळा करायचे. त्यातून 16-17 शब्द निवडायचे. दोन कसोट्या: शब्दात जगण्याचा प्रश्न दडलेला हवा, आणि सगळे शब्द मिळून भाषेतले बहुतेक ध्वनी यायला हवेत. उदाहरणार्थ ‘तिजोलो’, म्हणजे वीट. आधी वीटकामाचं चित्र दाखवून चर्चा: ही घरं कोण बांधतं, त्यात राहतं कोण? मग शब्द फोडायचा, ति-जो-लो, आणि प्रत्येकाची बाराखडी: ता-ते-ति-तो-तु, जा-जे-जि-जो-जु. या तुकड्यांतून लोक स्वतः नवे शब्द जुळवतात. अक्षर आणि प्रश्न एकाच वेळी हाताशी येतात.

शाळेतल्या वर्गासाठी हे कसं बसवायचं? सातवी-आठवीचा एक दहा तासिकांचा पाठ घेऊ. विषय शाळेचं वेळापत्रक. पहिल्या दोन तासिका ऐकण्याच्या: शाळेबद्दल मुलं आपसात काय बोलतात ते शब्द फळ्यावर, शिक्षकाची टिप्पणी नाही. तिसऱ्या तासाला एकच वस्तू समोर: खेळाचा तास खोडून सराव-परीक्षा लिहिलेलं वेळापत्रक. प्रश्न ठरलेल्या क्रमानं: काय दिसतंय? याचा कोणावर काय परिणाम होतो? असं का झालं असेल? हे ठरवतं कोण? वेगळं कसं होऊ शकेल? क्रम मोडू नये. ‘काय दिसतंय’वर पुरेसा वेळ न घालवता ‘कोण ठरवतं’वर उडी मारली की मुलं शिक्षकाच्या मनातलं उत्तर ओळखायला लागतात.

चौथ्या ते सहाव्या तासिकेत मोजणी. गेल्या पाच वर्षांची वेळापत्रकं मिळवून आठवड्यातल्या एकूण तासिकांपैकी कोणत्या विषयाला किती, याची टक्केवारी आणि आलेख. समजा 40 पैकी 14 तासिका दोन परीक्षा-विषयांना होत्या आणि आता 22 आहेत, तर 35 टक्क्यांवरून 55 टक्के. आता हे टक्के पुस्तकातल्या उदाहरणातले उरत नाहीत. सातव्या तासाला दोन विरुद्ध कागद: धोरणाची बाजू मांडणारा आणि विरोध करणारा. नियम असा की ज्या बाजूशी मूल असहमत आहे ती बाजू त्यानं अशी मांडावी की त्या बाजूचा माणूसही ‘हो, मला हेच म्हणायचं होतं’ म्हणेल. आठवा-नववा तास लेखनाचा: शाळा व्यवस्थापन समितीला औपचारिक भाषेत निवेदन. दहावा सादरीकरणाचा. आणि दोन आठवड्यांनी, उत्तर आलं का, आलं तर काय, हे पुन्हा वर्गात. हा शेवटचा भाग वगळला तर मुलं एवढंच शिकतात की बोलून काही होत नाही.

बिघडतं कुठे? सर्वांत नेहमीचा बिघाड म्हणजे उलटी पोपटपंची. शिक्षकाला निष्कर्ष आधीच ठाऊक असतो आणि मुलं घोषणा पाठ करतात. मजकूर बदलला, पद्धत तीच. याची ओळख सोपी आहे: पाठाच्या शेवटी एकही मूल शिक्षकाशी असहमत नसेल तर काहीतरी चुकलं. दुसरा बिघाड लिसा डेल्पिट या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी 1988 च्या एका निबंधात दाखवला. प्रगतिशील शिक्षक प्रमाणभाषा, व्याकरण, औपचारिक लेखन यांना दडपशाही समजून मागे सारतात. सुस्थितीतल्या मुलांना हे सगळं घरी मिळतं. बाकीच्यांना ते फक्त शाळेत मिळणार होतं. सत्तेचे नियम उघडपणे शिकवले नाहीत तर ते बदलणार कोण? म्हणून वरच्या पाठात टक्केवारी नीट आली पाहिजे आणि निवेदनात शुद्धलेखनही.

वर्गाबाहेर: आकडा, शेजार आणि वेळ

वर्गातला पाठ कितीही चांगला असला तरी 10 टक्के निधी कापण्याच्या धमकीपुढे एकटा टिकत नाही, हे टूसॉननं दाखवलं. पुढचं काम संघटनेचं, आणि त्यातले तपशील कंटाळवाणे असले तरी जय-पराजय त्यावरच ठरतो.

कायद्याचा कोणता दरवाजा उघडा आहे हे आधी पाहावं लागतं. इंग्लंडमध्ये 1993 साली शिक्षक संघटनांनी राष्ट्रीय परीक्षांवर बहिष्कार टाकला. एक स्थानिक परिषद न्यायालयात गेली आणि हरली, कारण संबंधित संघटनेनं हरकत कामाच्या बोज्यावर घेतली होती. परीक्षा शैक्षणिकदृष्ट्या वाईट आहेत, असं म्हणून नव्हे. बोजा हा मालक-नोकर वाद, म्हणून बहिष्कार कायदेशीर. परीक्षा आणि अभ्यासक्रम दोन्हींना कात्री लागली. पण ज्या दरवाजानं आत गेले त्याच दरवाजानं बाहेर पडावं लागलं: सरकारनं उत्तरपत्रिका तपासायला बाहेरचे परीक्षक दिले, बोज्याची तक्रार मिटली, आणि परीक्षा राहिल्या.

न्यूयॉर्क राज्यात 2015 मध्ये पालकांनी दुसरा मार्ग धरला. मुलाला परीक्षेला बसवणार नाही, एवढं लेखी कळवायचं. पात्र मुलांपैकी सुमारे 20 टक्के, म्हणजे दोन लाखांच्या आसपास मुलं बसली नाहीत. आकड्याचं महत्त्व असं की संघराज्याच्या कायद्याला 95 टक्के उपस्थिती लागते. पाचातलं एक मूल गळालं की क्रमवारी लावणंच अवघड. त्याच वर्षाच्या अखेरीस राज्यानं शिक्षकांच्या मूल्यमापनात या गुणांचा वापर स्थगित केला. पण या चळवळीत गोरा, सुस्थितीतला उपनगरी वर्ग जास्त होता, आणि मे 2015 मध्ये 12 नागरी हक्क संघटनांनी बहिष्काराला जाहीर विरोध केला. त्यांचं म्हणणं: आमच्या मुलांना वाईट शिकवलं जातं याचा पुरावा या गुणांतूनच मिळतो, तो कशाला पुसता? हा आक्षेप रास्त आहे. त्यावर ‘नमुना-पाहणी घ्या’ हे उत्तर पहिल्या पत्रकापासून सोबत हवं होतं.

शिकागोचं उदाहरण सगळ्यांत जास्त अभ्यासण्यासारखं. तिथे शिक्षकांचा एक गट 2008 च्या सुमारास शाळाबंदीच्या सुनावण्यांना पालकांसोबत जाऊन बसू लागला. संघटनेची निवडणूक त्यांनी 2010 मध्ये जिंकली. कॅरेन लुईस अध्यक्ष झाल्या. पुढच्या वर्षी राज्यानं कायदा केला की संपासाठी एकूण सभासदांपैकी 75 टक्के मतं लागतील. मतदानाला न आलेला सभासद म्हणजे विरोधी मत. हे कधीच जमणार नाही असा हिशेब होता. जून 2012 मध्ये जवळपास 90 टक्के मतं पडली.

ती पडली कारण मोजणी आधीच सुरू होती. अशा कामाची रीत अशी: प्रत्येक शाळेतल्या प्रत्येक कर्मचाऱ्याचं नाव एका तक्त्यावर, प्रत्येकाशी समोरासमोर बोलणं, त्यात ऐकणं दोन भाग आणि बोलणं एक भाग, मग छोट्या चाचण्या. आज एका निवेदनावर किती सह्या झाल्या? अमुक दिवशी किती जण एकाच रंगाचे कपडे घालून आले? 60 टक्के आले तर संप पुकारायचा नाही, उरलेल्या 40 टक्क्यांकडे परत जायचं. सभेतल्या टाळ्यांवरून अंदाज बांधणाऱ्या संघटना इथेच आपटतात, कारण सभेला आधीच पटलेलेच लोक येतात.

दुसरी गोष्ट मागण्यांची. फेब्रुवारी 2012 मध्ये संघटनेनं अहवाल काढला तो मुलांना कशा शाळा मिळायला हव्यात यावर: वर्गातली संख्या, संगीत, परिचारिका, समुपदेशक. कायद्यानं संप पगारासारख्या मोजक्या बाबींवरच करता येत होता, पण पालक त्या अहवालामुळे सोबत उभे राहिले. संप सप्टेंबरमध्ये सात शालेय दिवस चालला. 2013 मध्ये तरीही शहरानं सुमारे 50 शाळा बंद केल्या, बहुतेक कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या. पुढे 2019 च्या 11 शालेय दिवसांच्या संपानंतर प्रत्येक शाळेत परिचारिका आणि सामाजिक कार्यकर्ता हे करारात आलं. पहिल्या अहवालापासून सात वर्षं.

वेस्ट व्हर्जिनियात 2018 मध्ये सर्व 55 काउंटींतल्या (जिल्ह्यांतल्या) शाळा नऊ दिवस बंद राहिल्या आणि 5 टक्के पगारवाढ सगळ्याच राज्य कर्मचाऱ्यांना मिळाली. संपाआधी शिक्षकांनी मुलांच्या जेवणाची पाकिटं भरून ठेवली होती, कारण अनेक मुलांचं दुपारचं जेवण शाळेतच असतं. संप फोडायला ‘मुलं उपाशी आहेत’ हेच वाक्य वापरलं जाणार, हे ओळखून केलेली तयारी. 2019 मध्ये चार्टर शाळांच्या विधेयकाविरुद्ध पुन्हा संप झाला, विधेयक बाजूला पडलं, आणि काही महिन्यांनी विशेष अधिवेशनात चार्टरचा कायदा झालाच. शाळेला सुट्टी असताना विधिमंडळ काय करतंय यावर नजर ठेवणारं कोणीतरी नेमून ठेवावं लागतं.

विद्यार्थी स्वतः उभे राहिले तर? साओ पाउलो राज्यानं 2015 मध्ये ‘पुनर्रचने’च्या नावाखाली सुमारे 94 शाळा बंद करायचं ठरवलं. नोव्हेंबरमध्ये विद्यार्थ्यांनी शाळांचा ताबा घ्यायला सुरुवात केली आणि आकडा 200 च्या आसपास गेला. शाळेत स्वयंपाक, सफाई, पहारा, वृत्तपत्रांशी बोलणं, दिवसाचे वर्ग यांसाठी वेगवेगळ्या समित्या होत्या; ही रीत अर्जेंटिना आणि चिलीच्या विद्यार्थ्यांच्या अनुभवावरच्या एका पुस्तिकेतून आली होती. ताबा घेतलेली शाळा आधीपेक्षा स्वच्छ ठेवायची हा हट्ट, कारण पहिला आरोप नासधुशीचा येतो. 4 डिसेंबरला राज्यपालांनी योजना स्थगित केली.

आणि चिली. 2006 मध्ये माध्यमिक शाळांची मुलं रस्त्यावर आली. गडद कोट आणि पांढऱ्या सदऱ्यामुळे लोक त्यांना ‘पेंग्विन’ म्हणत. सुरुवात बसपास आणि प्रवेशपरीक्षेच्या फीपासून झाली, पण काही आठवड्यांत मागणी पिनोचेटनं सत्ता सोडण्याच्या आदल्या दिवशी, 10 मार्च 1990 ला काढलेल्या शिक्षण कायद्यापर्यंत पोचली. 2009 मध्ये तो बदलला, पण नफा आणि फी तशीच राहिली. 2011 मध्ये विद्यापीठांचे विद्यार्थी ‘नफा नको’ म्हणत उतरले. 2015 च्या कायद्यानं सरकारी पैसा घेणाऱ्या शाळांत नफा, वरची फी आणि मुलं निवडून घेणं टप्प्याटप्प्यानं बंद करायचं ठरवलं. 2017 मध्ये शाळा नगरपालिकांकडून काढून नव्या स्थानिक सार्वजनिक शिक्षण सेवांकडे द्यायचा कायदा झाला. 2011 च्या विद्यार्थी नेत्यांपैकी गाब्रिएल बोरिक 2022 मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. 2023 मध्ये आताकामा भागात, जिथे शाळा या नव्या सेवेकडे आल्या होत्या, तिथले शिक्षक दोन महिन्यांहून अधिक काळ संपावर होते. मोडकळीला आलेल्या इमारती दुरुस्त करा आणि शाळांतल्या उंदरांचा बंदोबस्त करा, असं ते मागत होते.